कापूसकोंड्याची गोष्ट आणि संगणकातील कामांची वही

लहानपणी कापूसकोंड्याची गोष्ट कोणी ऐकली नाही? सांगणारा विचारतो, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का? ऐकणारा मोठ्या आशेने ‘हो’ म्हणतो. त्यावर सांगणारा म्हणतो, ‘हो’ काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का? ऐकणाऱ्याने ‘नको’ म्हटले, तो गप्प बसला किंवा रडकुंडीला आला, तरी प्रत्येक उत्तराच्या शेपटीला पुन्हा तोच प्रश्न बांधलेला असतो. गोष्ट कधी सुरू होत नाही, म्हणून ती कधी संपतही नाही. घरात या खेळाने करमणूक होते, कारण सांगणारा केव्हा तरी दमतो, किंवा आतून जेवणाची हाक येते. यंत्र मात्र दमत नाही आणि त्याला भूकही लागत नाही. तेच कापूसकोंड्याची गोष्ट सांगू लागले तर काय होते, तो फेरा कसा थांबवावा आणि त्याचे मूळ कसे शोधावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आपण करणार आहोत. आज घरोघरी आणि शाळाशाळांतून संगणक आले आहेत. तेव्हा हा विषय केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

स्वतःलाच हाक मारणारी रीत

एखादे काम करण्याची रीत सांगत असता, त्या रीतीतच ‘आता हेच काम पुन्हा, पण लहान प्रमाणावर करा’ असे सांगितलेले असेल, तर तशा रीतीस संगणकशास्त्रात रिकर्शन म्हणतात. आपण तिला ‘स्वयंपुनरावृत्ती’ म्हणू. नाव अवघड असले तरी कल्पना अवघड नाही, आणि ती संगणकाबरोबर जन्माला आली असेही नाही.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथात (इ. स. ११५०) कुट्टक नावाचे प्रकरण आहे. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे त्यात नमूद आहे. कुट्टकाच्या प्रकरणातील एक उदाहरण असे आहे : २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळविले असता येणाऱ्या संख्येस १९५ ने निःशेष भाग जाईल? हे सोडविण्याची पहिली पायरी म्हणजे दोन संख्यांचा परस्पर भागाकार. २२१ ला १९५ ने भागा, बाकी २६ उरते. आता तेच काम १९५ व २६ या जोडीवर करा, बाकी १३ उरते. पुन्हा तेच काम २६ व १३ या जोडीवर करा, बाकी शून्य. येथे थांबा. शेवटचा भाजक १३ हा मूळ दोन संख्यांचा महत्तम साधारण विभाजक होय. तिन्ही संख्यांना १३ ने भागले की १७, ५ आणि १५ उरतात आणि प्रश्न सोपा होतो. उत्तर ५ येते. २२१ गुणिले ५ म्हणजे ११०५, त्यात ६५ मिळवून ११७०, आणि ११७० म्हणजे १९५ ची सहापट.

या रीतीत दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही, की प्रत्येक वेळी हाती येणारे काम आधीच्यापेक्षा लहान असते. दुसरी ही, की थांबण्याची खूण आधीच ठरलेली असते. बाकी शून्य झाली की भागाकार संपला. ही दोन पथ्ये पाळली जातात तोवर स्वयंपुनरावृत्तीसारखी गुणी दासी नाही. यांपैकी एक जरी सुटले, तरी तिचा कापूसकोंडा होतो.

साधी पुनरावृत्ती आणि स्वयंपुनरावृत्ती यांतला भेदही येथेच सांगावयास हवा. साध्या पुनरावृत्तीत एक फेरी पुरती संपते आणि मग दुसरी सुरू होते. स्वयंपुनरावृत्तीत पहिले काम अर्धवट ठेवून त्याच्याच पोटात दुसरे सुरू होते, दुसऱ्याच्या पोटात तिसरे. एखाद्या कारकुनाने हातातील फाईल पुरी न करता बाजूला ठेवावी, तिच्यावर दुसरी उघडावी, तीही अर्धवट ठेवून तिच्यावर तिसरी, असा हा प्रकार असतो. संगणकालाही अर्धवट कामांची अशी थप्पी सांभाळावी लागते. तिला स्टॅक म्हणतात. सर्वांत वरची फाईल मिटली म्हणजे तिच्या खालची हाती घ्यावयाची, असा क्रम असतो. वरची फाईल कधी मिटलीच नाही, तर थप्पी छताला भिडणार हे उघड आहे.

मजकूर-संपादक आणि त्यातील वही

आता ज्या साधनात हा दोष आपण पाहणार आहोत, त्याची ओळख करून घेऊ. संगणकावर मजकूर लिहिण्याच्या व सुधारण्याच्या आज्ञावलीस मजकूर-संपादक म्हणतात. ईमॅक्स हा असाच एक जुना व नामांकित संपादक. त्याचा आरंभ १९७६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला. आज वापरात असलेला ग्नू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये लोकांपुढे ठेवला. तो विनामूल्य मिळतो, आणि त्याची अंतर्गत रचना कोणालाही वाचता व बदलता येते. त्याचा बराच मोठा भाग लिस्प भाषेच्या एका बोलीत लिहिलेला आहे. लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थी यांनी १९५८ च्या सुमारास रचली, आणि १९६० मध्ये तिच्यावर जो निबंध प्रसिद्ध केला त्याचा विषयच मुळी स्वयंपुनरावृत्तीने चालणारी गणिते हा होता. ज्या संपादकाच्या रक्तातच स्वयंपुनरावृत्ती आहे, त्यात तिचे विकारही उद्भवावेत यात नवल नाही.

या संपादकात कामांची वही ठेवण्याची एक सोय आहे, तिला ऑर्ग-मोड म्हणतात. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये ती प्रथम तयार केली. वहीत कामे ओळीओळीने लिहावयाची, मोठ्या कामाच्या पोटात उपकामे लिहावयाची, आणि प्रत्येकापुढे ते बाकी आहे की झाले याची खूण ठेवावयाची. खुणांची नावे आपल्याला हवी ती ठरविता येतात. आपण ‘बाकी’ आणि ‘झाले’ अशी ठेवू. कोणतीही खूण बदलली की लगेच अमुक एक गोष्ट आपोआप व्हावी, असा नियमही वही वापरणाऱ्यास स्वतः लिहून जोडता येतो. सोय मोठी आहे, आणि आपल्या उदाहरणातील घोटाळ्याचे बीजही तिच्यातच आहे.

उदाहरण : बाग येथील सहल

अशी कल्पना करू, की एका शाळेने बाग येथे अभ्याससहल न्यावयाचे ठरविले आहे. धार जिल्ह्यातील हे गाव आपल्या परिसरातील मंडळींस परिचित आहेच. गावापासून काही किलोमीटरांवर बाघिनी नदीकाठी वालुकाश्मात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. मूळच्या नऊ लेण्यांपैकी पाच आज उरली आहेत. त्यांतील ‘रंगमहाल’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या चौथ्या लेण्यातील चित्रांच्या प्रतिकृती १९२१ मध्ये नंदलाल बोस प्रभृती चित्रकारांनी काढल्या. गावात खत्री कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात. छापण्यापूर्वी कापड एरंडेल, खारे मीठ व बकरीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात भिजवून वाळवावे लागते, आणि ही भिजवण-वाळवण साधारणतः तीन वेळा करावी लागते. तीन वेळा झाली की कारागीर थांबतो आणि पुढच्या कामास लागतो. वर सांगितलेल्या साध्या पुनरावृत्तीचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

सहलीच्या तयारीची वही अशी लिहिली आहे :

बाग-सहल : बाकी
१. गाडी ठरविणे : झाले
२. पालकांची संमतिपत्रे गोळा करणे : झाले
३. शिदोरी व पाणी यांची व्यवस्था : झाले
४. औषधपेटी भरणे : बाकी

वहीला दोन नियम जोडले आहेत. पहिला नियम : कोणत्याही उपकामाची खूण लिहिली गेली की सर्व उपकामे ‘झाले’ आहेत का ते पाहा, असल्यास मूळ कामापुढे ‘झाले’ लिही. दुसरा नियम : मूळ कामापुढे ‘झाले’ लिहिले गेले की त्याच्या पोटातील सर्व उपकामांपुढे, पहिल्यापासून क्रमाने, ‘झाले’ लिही. दोन्ही नियम वाचताना निरुपद्रवी वाटतात. किंबहुना, दोन्ही एकमेकांस पूरक आहेत असाच कोणाचाही समज होईल.

फेरा कसा सुरू होतो

आता चौथे उपकाम संपते आणि कोणी त्याच्यापुढे ‘झाले’ अशी खूण करतो. काय घडते ते पावलापावलाने पाहू.

खूण लिहिली गेली म्हणून पहिला नियम जागा होतो. चारही उपकामे झालेली आहेत, म्हणून तो मूळ कामापुढे ‘झाले’ लिहितो. त्यासरशी दुसरा नियम जागा होतो. तो क्रमाने निघतो आणि पहिल्या उपकामापुढे, म्हणजे ‘गाडी ठरविणे’ याच्यापुढे, ‘झाले’ लिहितो. तेथे ‘झाले’ आधीच होते. पण खूण लिहिली गेली एवढेच पहिल्या नियमाला कळते. तो पुन्हा जागा होतो, सर्व उपकामे झालेली पाहतो, आणि मूळ कामापुढे पुन्हा ‘झाले’ लिहितो. दुसरा नियम पुन्हा जागा होतो आणि पुन्हा पहिल्याच उपकामापासून आरंभ करतो. दुसऱ्या उपकामाची पाळी कधी येतच नाही. प्रत्येक फेरीत काम तेवढेच राहते, तसूभरही लहान होत नाही. आणि ‘येथे थांब’ असे सांगणारी खूणही कोठे नाही. भास्कराचार्यांच्या भागाकारातील दोन्ही पथ्ये येथे मोडली आहेत. अर्धवट फाईलींची थप्पी मात्र वाढतच जाते.

सुदैवाने ईमॅक्समध्ये या थप्पीच्या उंचीला मर्यादा घातलेली आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत लिस्पच्या आज्ञा एकीच्या पोटात एक अशा १६०० थरांपर्यंत जाऊ शकतात. त्यापुढे गेल्यास संपादक काम सोडून देतो आणि मर्यादा ओलांडल्याचा संदेश दाखवितो. (एका फेरीत अनेक थर खर्च होत असल्याने १६०० थर म्हणजे १६०० फेऱ्या नव्हेत, त्याहून पुष्कळ कमी.)

येथे चौकस विद्यार्थी विचारील, की अशी नुसती उंची मोजण्यापेक्षा, आज्ञावली थांबणार की नाही हे आधीच तपासून का घेत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाच्या १९३६ मधील शोधनिबंधातून निघते. कोणतीही आज्ञावली दिली असता ती थांबेल की नाही हे बिनचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. विशिष्ट आज्ञावलीविषयी विचार करून आपण सांगू शकतो, जसे आताच सांगितले. परंतु सर्वांना लागू पडणारी कसोटी नाही. म्हणून यंत्राला मर्यादेचे कुंपण घालावे लागते, आणि विचार मनुष्याला करावा लागतो.

दोष शोधण्याची रीत

असा प्रसंग आला म्हणजे गडबडून न जाता पुढील क्रमाने चालावे.

प्रथम फेरा थांबवावा. ईमॅक्समध्ये कंट्रोलची कळ दाबून धरून जी हे अक्षर दाबले की चालू असलेले काम सहसा सुटते. वही तशीच जतन करू नये, कारण फेऱ्याने तिच्यात काय काय लिहून ठेवले असेल ते सांगता येत नाही. पूर्वीच्या वहीची प्रत करून पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. वैद्य औषधाचा प्रयोग करण्यापूर्वी रोग्याची अवस्था लिहून ठेवतो, तसेच हे आहे.

दुसरे, मर्यादा वाढवू नये. मर्यादा ओलांडल्याचा संदेश वाचून ‘मर्यादाच मोठी करू’ असा मोह पुष्कळांस होतो, आणि १६०० च्या जागी लाख लिहिणे अवघड नाही. क्वचित एखादे खरोखरीच खोल काम असेल, तर थोडी वाढ योग्यही ठरेल. पण ज्याला अंतच नाही, त्याला लाख थर दिले तरी ते पुरणार नाहीत. उलट मर्यादा अतोनात वाढविली तर संगणकाची स्मृती अपुरी पडून सबंध संपादकच कोसळण्याचा संभव असतो. ताप आला म्हणून तापमापक फोडून ताप उतरत नाही.

तिसरे, थप्पी वाचावी. चूक होताच थप्पीतील सर्व अर्धवट कामांची यादी दाखव, अशी आज्ञा ईमॅक्सला देता येते. या यादीत सर्वांत नवे काम वर आणि सर्वांत जुने तळाशी असते. ही यादी करणाऱ्या साधनालाही काही थर लागतात. म्हणून ईमॅक्स त्या वेळेपुरती मर्यादा किंचित वाढवून देतो, म्हणजे खोली भरून गेली तरी वैद्याला उभे राहण्यापुरती जागा राहते. यादी लांबलचक असते आणि पहिल्या दर्शनी भीती वाटते. पण ती सबंध वाचावी लागत नाही. दोन-तीन नावे आळीपाळीने येत आहेत असे दिसले की फेऱ्यातील भिडू कोण ते कळले. आपल्या उदाहरणात ‘पहिला नियम, दुसरा नियम, पहिला नियम, दुसरा नियम’ अशी माळ दिसेल. मग यादीच्या तळाशी जावे. फेरा कोणत्या कृतीने सुरू झाला, हे तेथे सापडते.

चौथे, यादीवरून उलगडा न झाल्यास निम्मे करीत जावे. संपादक कोणत्याही खाजगी नियमांवाचून, कोऱ्या स्वरूपात सुरू करता येतो. तशा स्थितीत दोष दिसला नाही, तर तो आपण जोडलेल्या नियमांत आहे हे ठरले. समजा, असे ३२ नियम आहेत. एकेक तपासत बसण्याऐवजी १६ ठेवावेत व १६ काढावेत. दोष ज्या निम्म्यात दिसेल त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. ३२ चे १६, १६ चे ८, मग ४, २ आणि १. पाच पावलांत अपराधी हाती येतो.

परंतु येथे एक फसगत संभवते, ती विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. पहिल्या निम्म्यात दोष दिसत नाही, आणि दुसऱ्या निम्म्यातही दिसत नाही. दोन्ही एकत्र केले की मात्र दिसतो, असे कधी कधी घडते. मग ‘दोष गेला’ असे म्हणून वही मिटणे हा अविचार होय. या निरीक्षणाचा अर्थ असा, की अपराधी एक नसून दोन आहेत आणि ते वेगवेगळ्या निम्म्यांत वाटले गेले आहेत. अशा वेळी एक निम्मा भाग तसाच ठेवून दुसऱ्याचे भाग पाडीत जावे. त्यातील अपराधी सापडला की त्याला ठेवून पहिल्याचे भाग पाडावेत. आपल्या उदाहरणात नेमके हेच आहे. पहिला नियम एकटा असता निर्दोष चालतो, दुसराही एकटा असता न अडखळता चालतो. घोटाळा त्यांच्या संगनमतात आहे.

पाचवे, दोष लहानात लहान वहीत दाखवावा. शंभर कामांच्या वहीऐवजी एक मूळ काम, एक उपकाम आणि ते दोन नियम एवढ्यावर फेरा सुरू होतो काय ते पाहावे. तेवढ्यावर तो दिसला, तर बाकीची नव्याण्णव कामे, त्यांच्या तारखा, गाडी, शिदोरी, यांचा त्याच्याशी काही संबंध नाही हे सिद्ध झाले. दुसऱ्या कोणाची मदत मागावयाची असेल, तरीही ही लहान वहीच पाठवावी. जाणकारास ती वाचावयास एक क्षण पुरतो.

फेरा थांबला, पण दोष गेला का?

मूळ सापडल्यावर उपाय सुचणे सोपे आहे. दुसऱ्या नियमाला एक अट घालावी : उपकामापुढे ‘झाले’ आधीच असेल तर पुन्हा लिहू नको. एवढ्याने फेरा थांबतो, कारण चारही उपकामे झालेली असल्यास लिहिण्याजोगे काहीच उरत नाही. संदेश नाहीसा होतो, आणि अनेक जण येथेच समाधान मानतात.

आमच्या मते खरा अभ्यास येथून पुढे आहे. ही दुरुस्ती केलेली वही घ्या. औषधपेटी अजून भरलेली नाही. तिच्यापुढे ‘बाकी’ आहे. अशा वेळी कोणाचे बोट चुकून मूळ कामावर पडले आणि ‘बाग-सहल : झाले’ अशी नोंद झाली. दुसरा नियम आज्ञाधारकपणे खाली उतरतो आणि औषधपेटीपुढे ‘झाले’ लिहितो. फेरा नाही, संदेश नाही, सर्व कसे शांत! सहलीच्या दिवशी पहाटे वही पाहणारे शिक्षक चारही ओळींपुढे ‘झाले’ पाहतात आणि निर्धास्तपणे गाडीत बसतात. लेण्यांच्या पायऱ्यांवर एखाद्या मुलाचा गुडघा फुटला की मग शोध लागतो, की औषधपेटी शाळेच्या कपाटातच राहिली आहे.

तेव्हा दोष फेऱ्यात नव्हता. फेरा हा दोषाचा गलबला होता. दोष होता तो दुसऱ्या नियमाच्या अर्थात. उपकामे झाली म्हणून मूळ काम झाले, हे खरे आहे. परंतु वर ‘झाले’ लिहिले म्हणून खालची कामे होत नसतात. मुख्याध्यापकांनी प्रगतिपुस्तकावर सही केली म्हणून न दिलेला पेपर दिला जात नाही. दुसरा नियम हा असत्य नियम होता, आणि घातलेल्या अटीने त्याचे असत्य निस्तरले नाही, फक्त त्याचा आवाज बंद केला.

म्हणून योग्य उपाय म्हणजे दुसरा नियम काढून टाकणे. ऑर्ग-मोडच्या माहितीपुस्तकातही उदाहरणादाखल एकाच दिशेचा नियम दिलेला आहे : सर्व उपकामे झाली की मूळ काम झाले. शिवाय, उपकामे बाकी असताना मूळ कामापुढे ‘झाले’ लिहूच न देणारा एक अडसरही त्या सोयीत आहे. वापरणाऱ्याने तो चालू केला पाहिजे एवढेच. तो चालू असता बोट चुकून वर पडले तरी वही नकार देते, आणि त्या नकारामुळे औषधपेटीची आठवण होते.

मग वरून खाली उतरणारा नियम कधीच नसावा काय? तसेही नाही. पावसामुळे सहल रद्द झाली, तर गाडी आणि शिदोरीही रद्द होणे रास्त आहे. ते सत्याला धरूनच आहे. म्हणजे ‘झाले’ ही खूण खालून वर चढते आणि ‘रद्द’ ही खूण वरून खाली उतरते. प्रत्येक खुणेची दिशा एकच ठेवली, आणि एका खुणेच्या नियमाने दुसरीच्या नियमाला जागे न करण्याची काळजी घेतली, तर फेरा संभवत नाही, आणि वही खोटेही बोलत नाही.

विद्यार्थिमित्रहो, संगणकातील दोष शोधताना दोन वेगळे प्रश्न मनात ठेवावेत. ‘हे थांबत का नाही?’ हा पहिला. याचे उत्तर थप्पी वाचून आणि निम्मे निम्मे करून मिळते. ‘हे जे लिहिले जात आहे ते खरे आहे काय?’ हा दुसरा. याचे उत्तर कोणतीही थप्पी देत नाही, त्यासाठी काम स्वतः जाणावे लागते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे दुसरा सुटला, असे समजू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ३५१ व २०८ या संख्यांचा परस्पर भागाकार करा. प्रत्येक पायरीवरील जोडी लिहा, आणि कोणत्या खुणेवर तुम्ही थांबलात ते सांगा.

२. लेखातील दुसरा नियम उपकामे पहिल्याऐवजी शेवटापासून घेऊ लागला, तर फेरा थांबेल काय? पावलापावलाने लिहून दाखवा.

३. सहल रद्द झाल्याने चारही उपकामांपुढे ‘रद्द’ अशी खूण झाली आहे. ‘एकही उपकाम बाकी नसेल तर मूळ कामापुढे झाले लिही’ असा नियम वहीत असल्यास काय घोटाळा होईल? नियमाचे शब्द बदलून तो दूर करा.

४. एखाद्या कामाच्या पोटात एकही उपकाम नसेल, तर ‘सर्व उपकामे झाली आहेत’ हे विधान खरे मानावे की खोटे? तुमच्या उत्तराप्रमाणे पहिला नियम त्या कामाचे काय करील?

५. घरातील एखादे काम निवडा आणि ते उपकामांसह वहीत मांडा. त्यातील कोणती खूण वर चढावी आणि कोणती खाली उतरावी, हे वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवा.